ओव्हर देताना

आज १२ मे. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस आणि म्हणून जगभर परिचारिका दिन. रुग्णालयांच्या दारात सकाळी रांगोळ्या निघतील, अधिसेविकांच्या हस्ते दीपप्रज्वलन होईल, नर्सिंगच्या मुली हातात मेणबत्त्या घेऊन शपथ म्हणतील आणि दुपारच्या ड्युटीची वेळ झाली की सगळ्याजणी आपापल्या वॉर्डात परततील. या समारंभाला आमचा विरोध नाही. वर्षातून एक दिवस तरी हा पेशा लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. मात्र जिची तसबीर आज मांडली जाते, तिच्या हातातल्या दिव्याबद्दल जेवढे बोलले जाते, त्याच्या पावपटही तिच्या विचार करण्याच्या पद्धतीबद्दल बोलले जात नाही. आम्हाला आज त्याबद्दल लिहायचे आहे.

१८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांना घेऊन ती इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. ती आली, तिने स्वच्छता आणली आणि मृत्यू थांबले, अशी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. प्रत्यक्षात ती आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे उपचार घेणाऱ्या शंभर सैनिकांमागे चाळीसहून अधिक दगावत होते, आणि बहुतेकांचा जीव जखमांनी नव्हे तर हगवण, कॉलरा आणि तापांनी घेतला. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग आला. इमारतीखाली तुंबलेली गटारे उपसली गेली, पिण्याच्या पाण्याची वाट साफ झाली, भिंतींना चुना दिला गेला, कोंदट दालनांत हवा खेळू लागली. जूनपर्यंत तेच प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आले.

युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर ती हे आकडे घेऊन बसली. १८५८ मध्ये तिने मृत्यूंच्या कारणांचे जे प्रसिद्ध गोलाकार चित्र छापले, त्यात दोन वर्तुळे आहेत: एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चे एक, एप्रिल १८५५ ते मार्च १८५६ चे दुसरे. चित्र जिथे दुभंगते तो महिना तिच्या आगमनाचा नाही, गटारे उपसायला सुरुवात झाली त्या सुमाराचा आहे. सारा इंग्लंड तिला डोक्यावर घेत असताना ‘मी आले, मग मृत्यू घटले, म्हणजे माझ्यामुळे घटले’ असे म्हणणे तिला किती सोपे होते! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर श्रेय कावळ्याला द्यायचे नसते, हे तिने स्वतःच्या बाबतीतही पाळले. एका नर्सने घालून दिलेला हा धडा आहे, आणि तो हात धुण्याच्या धड्याइतकाच मोलाचा आहे असे आम्ही मानतो.

कारण वॉर्डातल्या कामाचा मोठा भाग बोलण्याचा असतो. ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटांची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, औषधांची ट्रॉली लावताना, ड्युटीरूममध्ये उभ्याउभ्या चहा घेताना, रात्री दोन वाजता हाऊसमनला फोन करताना नर्सेस एकमेकींना आणि डॉक्टरांना काहीतरी सांगत असतात, आणि त्या सांगण्यात प्रत्येक वेळी एक अनुमान दडलेले असते. अनुमान चुकीचे असेल तर ते पुढच्या पाळीत पेशंटच्या अंगावर उतरते.

रात्री आठची ओव्हर कुठल्याही पुरुष शल्यचिकित्सा वॉर्डात साधारण अशी ऐकू येईल. दुपारच्या ड्युटीची सिस्टर घाईत आहे, तिला बस गाठायची आहे. चाळीस खाटा, वर जमिनीवर गाद्या टाकलेले सहा-सात. “नऊ नंबर, आजोबा, प्रोस्टेटचं ऑपरेशन, काल झालंय. फार त्रास देतात बाई. सारखे हाका मारतात, काल रात्री कुणाला झोपू दिलं नाही. मुलगाही तसलाच, भांडखोर. दहा नंबर, हर्नियाचा, ठीक आहे, उद्या डिस्चार्ज.” रात्रीची सिस्टर मान हलवते आणि दहा नंबरकडे वळते. नऊ नंबरवर जे सांगायचे होते ते सांगून झाले, असे दोघींनाही वाटते.

एक वाजता आजोबा खाटेवर उठून बसतात, सलाइनची नळी ओढतात, पोट धरून ओरडतात. वॉर्डबॉय मामा येऊन त्यांना पुन्हा निजवतो. सिस्टर दुसऱ्या टोकाला रक्त लावत असते, तिथूनच म्हणते, “आजोबा, झोपा बघू. मला सांगितलंय दुपारच्या सिस्टरनं, तुम्ही असंच करता म्हणून.” तिने कुठलाही हलगर्जीपणा केलेला नाही. तिला जे सांगण्यात आले त्याच्याशी समोरचे दृश्य जुळते आहे, आणि जुळले की मन थांबते. पण प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गाठ कॅथेटरमध्ये अडकली तर मूत्राशय फुगतो, आणि म्हातारा माणूस त्या वेदनेने नेमका असाच कासावीस होतो. लघवी साठणाऱ्या युरोबॅगकडे एक नजर टाकली असती तर दोन तासांत तीत थेंब पडलेला नाही हे दिसले असते. ‘त्रास देतात’ हे शब्द ओव्हरमध्ये आले आणि ‘युरोबॅगमध्ये किती’ हा आकडा राहून गेला.

यात काय घडले ते नीट पाहायला हवे. आजोबांच्या वागण्याला कारण असू शकते हा विचारच त्या शब्दांनी पुसून टाकला. माणसाच्या लक्षणाचा त्याच्या स्वभावाशी संबंध जोडला की लक्षण म्हणून त्याचा शोध थांबतो. मुलगा भांडखोर आहे ही गोष्ट खरीही असेल, पण तिचा कॅथेटरशी काडीचा संबंध नाही. ‘नाटकी आहे’, ‘दारुडा आहे’, ‘गोळ्या खाऊन आलीय, लक्ष वेधून घ्यायचंय’, ‘पहिलटकरीण आहे, ओरडणारच’ हे सगळे याच जातीचे शेरे. व्यसनी माणसालाही मेंदूत रक्तस्राव होतो. किंबहुना पडण्याझडण्याने त्याला तो अधिक होतो. शेऱ्याने धोका कमी झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो तेवढाच राहतो.

तर्कातले दोष ओळखणे ही पाश्चात्त्यांकडून आणलेली चैन आहे, असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचा विस्ताराने विचार आहे. जाणून घेण्यासाठी सलोख्याने केलेली ती संधाय संभाषा आणि हरवण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा, असे दोन प्रकार करून चरक वादातल्या फसव्या हेतूंची चर्चा करतो. त्याच ग्रंथात चिकित्सेचे जे चार पाय सांगितले आहेत त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारक येतो. त्याचे पहिले लक्षण उपचारांचे ज्ञान हे आहे, प्रेमळपणा त्याच्यानंतर येतो. न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, नैयायिकांनी, तर अशा फसव्या हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, वर्गीकरण करून ठेवले. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नी आहे म्हणजे धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. वॉर्डात याचा अर्थ काय? जंतुसंसर्ग झाला की बहुधा ताप येतो. म्हणून ‘ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही’ असे ओव्हरमध्ये सहज म्हटले जाते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला रक्तात संसर्ग भिनला तरी ताप येईलच असे नाही. कधी अंग उलट थंड पडते, तो फक्त बडबडू लागतो किंवा जेवण सोडतो. तो लाल गोळा असतो, आणि ताप, नाडी, श्वास नोंदवणाऱ्या टीपीआर चार्टवर तापमानाची रेघ सरळ असते.

टीपीआर चार्टचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. रात्रीचे चार्ट उलगडून पाहावेत: वॉर्डभर श्वासाचा आकडा मिनिटाला वीस. दम्याचा पेशंट वीस, बरा झालेला वीस, शेवटच्या घटका मोजणारा वीस. ‘लिहिलं नाही म्हणजे केलं नाही’ हे वाक्य आपल्याकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून घोकून घेतले जाते. कोर्टकचेरीच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण त्या वाक्यातून ‘लिहिलं म्हणजे केलं’ हे उलटे वाक्य निघत नाही, आणि सगळ्या व्यवस्थेने मुकाट्याने तेच काढले आहे. श्वासाचा वेग हा माणूस ढासळू लागल्याचा अगदी लवकर मिळणारा इशारा आहे, आणि सगळ्यांत जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडाही तोच आहे.

आता एका वेगळ्या, आणि आमच्या मते सर्वांत घातक, बोलण्याकडे येऊ. “तिची नाइट असली की कुणीतरी जातंच.” “तिचा पायगुणच तसला.” असे बोलणे प्रत्येक रुग्णालयात चालते, आणि सहसा ते हसण्यावारी जाते. पण ते हसण्यावारी गेले नाही तर काय होते, हे नेदरलँड्सने पाहिले आहे.

२००१ च्या सप्टेंबरात द हेगमधील एका बालरुग्णालयात एक तान्हे मूल दगावले. सुरुवातीला मृत्यू नैसर्गिकच मानला गेला होता. त्या वेळी ड्युटीवर लुसिया द बर्क ही परिचारिका होती. सहकाऱ्यांच्या बोलण्यात आले की आधीही अशा प्रसंगांना हीच हजर होती. मग प्रशासनाने जुनी कागदपत्रे उघडली आणि तिच्या पाळीतले मृत्यू व अत्यवस्थ होण्याचे प्रसंग शोधायला सुरुवात केली. शोध तिच्याच नावाने सुरू झाला, तेव्हा जे सापडले ते तिच्याच नावावर सापडले. आधी नैसर्गिक ठरलेले प्रसंग ती हजर होती म्हणून संशयास्पद झाले, आणि संशयास्पद प्रसंगांना ती हजर होती म्हणून ती गुन्हेगार ठरली. हे योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक आहे, असा आकडा न्यायालयापुढे आला. तिच्या रोजनिशीत एका गुपिताचा उल्लेख होता. ते गुपित म्हणजे पेशंटांसाठी पत्ते मांडून भविष्य पाहण्याची सवय, असे ती सांगत होती. न्यायालयाने त्याचा वेगळा अर्थ लावला. २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली आणि २००४ मध्ये अपिलात सात खून व तीन खुनाचे प्रयत्न तिच्या नावावर धरले गेले.

मेटा द नो ही डॉक्टर आणि तिचा भाऊ टोन डर्क्सन, जो विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासक होता, या दोघांनी तो निकाल एकेक दुवा तपासत उलगडला. रिचर्ड गिल या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणित पुन्हा मांडले, तेव्हा ती शक्यता कोट्यवधींतून उतरून काही डझनांत एक एवढ्यावर आली. सगळ्यांत साधा प्रश्न तर कुणी विचारलाच नव्हता: ती त्या वॉर्डात येण्यापूर्वी तिथे किती मुले दगावत होती? तिच्या आधीच्या तीन वर्षांत सात, ती असताना तीन वर्षांत सहा. ज्या वॉर्डात खुनी नर्स वावरत होती असे मानले गेले, तिथे ती असताना मृत्यू वाढलेलेच नव्हते. १४ एप्रिल २०१० रोजी ती निर्दोष सुटली. मधली कैदेतली वर्षे आणि २००६ मध्ये कैदेत असताना आलेला पक्षाघाताचा झटका तिला कोण परत करणार?

या गोष्टीतला खलनायक शोधू नये. सहकारी नर्सेसना तिच्याशी वैर होते म्हणून हे घडले असे मानायचे कारण नाही. एक मूल गेले होते, माणसे हादरलेली होती, आणि हादरलेले मन कारण मागते. योगायोग हे कारण त्याला पुरत नाही. आपल्याकडे त्या रिकाम्या जागी पायगुण बसतो, द हेगमध्ये संशय बसला.

अर्थात प्रत्येक संशय खोटा असतो असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. अमेरिकेत चार्ल्स कलन या नर्सने सोळा वर्षे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत पेशंटांचे जीव घेतले. २००३ मध्ये तो पकडला गेला, त्यात त्याच्यासोबत काम करणाऱ्या एमी लॉफ्रेन या नर्सचा मोठा वाटा होता. तिच्यापुढे औषधाच्या यंत्राच्या नोंदी आल्या: कोणते औषध, कोणत्या वेळी, कोणत्या पेशंटच्या नावावर मागवले आणि लगेच रद्द केले. त्या नोंदींत तिला नसायला हवे ते दिसले. दोन्ही ठिकाणी नर्सेसनीच बोट दाखवले. एकीकडे ‘कोण ड्युटीवर होतं’ हा प्रश्न होता, दुसरीकडे ‘काय केलं गेलं’ हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ड्युटीलिस्टमध्ये मिळते आणि ते नेहमी कुणाचे तरी नाव असते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की मृत्यूच्या किंवा चुकीच्या प्रत्येक चौकशीत आधी घटनेचा क्रम लिहिला जावा आणि नावे नंतर. आज आपल्याकडे ‘ड्युटीवर कोण होतं, तिला मेमो द्या’ इथूनच सुरुवात होते, आणि बहुधा तिथेच शेवटही होतो. मेमो मिळतो तोही बंधपत्रित किंवा कंत्राटी मुलीला, कारण ‘ती कंत्राटी, तिला कामाची काय पडलीय’ हे वाक्य आधीच हवेत तरंगत असते.

हुद्द्याच्या उतरंडीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘सरांनी सांगितलंय’ या दोन शब्दांपुढे आपल्या वॉर्डात सगळी चर्चा संपते. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला आणि नळी बसेना. अनुभवी डॉक्टर पुन:पुन्हा नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करण्याचा संच आणून ठेवला आणि तो तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली, पण आपण उगाच घाबरतोय असे डॉक्टरांच्या नजरेत दिसल्यावर ती रद्द केली. तेरा दिवसांनी त्या बाईंचे निधन झाले. काय करायला हवे हे नर्सेसना कळले होते. पण हे एवढे जाणते लोक घाबरलेले नाहीत, त्या अर्थी घाबरण्यासारखे काही नसेल, या अनुमानाने त्यांचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरवले. ज्येष्ठाचा शब्द हा पुरावा खराच, वैद्यकात तर त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. पण मिनिटामिनिटाला घसरणारा ऑक्सिजनचा आकडा हाही पुरावा आहे आणि तो ताजा आहे. ब्रोमिली यांनी नुकसानभरपाईच्या मागे लागण्यापेक्षा २००७ मध्ये एक गट स्थापन करून, विमानात सहवैमानिक कप्तानाला ज्या रीतीने टोकू शकतो ती रीत रुग्णालयांत आणण्याचे काम हाती घेतले.

अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली निरोप देण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत आपल्या नर्सिंग महाविद्यालयांतही शिकवली जाते: आत्ता काय चालले आहे, आधी काय घडले, मला काय वाटते, तुम्ही काय करावे असे मला वाटते. आपल्या रात्रीच्या फोनवर बहुतेक सिस्टर पहिल्या-दुसऱ्या पायरीपाशीच थांबतात. “सर, सतरा नंबरचं बीपी ऐंशी आहे.” आणि मग शांतता. पलीकडून झोपेतला आवाज “बरं, बघतो” म्हणतो. “सर, मला वाटतं आतून रक्त जातंय, तुम्ही आत्ता यावं” हे वाक्य तिच्या ओठांवर असते. ते न बोलण्याची सवय तिला आपण लावली आहे. ‘तू डॉक्टर आहेस का?’ हा प्रश्न एकदा ऐकलेली मुलगी पुढची वीस वर्षे तिसरी पायरी चढत नाही. तो प्रश्नही तर्काचा दोषच आहे. बोलणारी कोण यावरून बोलणे खरे की खोटे हे ठरत नसते. नर्सेस आपसातही हेच करतात. जीएनएम झालेली अनुभवी सिस्टर नव्या बी.एस्सी. मुलीला ‘पुस्तकी’ म्हणते, ती मुलगी हिला ‘जुन्या वळणाची’ म्हणते, आणि ड्रेसिंग कसे करावे हा मुद्दा बाजूला राहतो. ‘आम्ही वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ असे म्हणणाऱ्या सिस्टरला एवढेच विचारावेसे वाटते की त्या वीस वर्षांत डिस्चार्जनंतर घरी गेलेल्या किती पेशंटांची जखम चिघळली, हे कळायला काही मार्ग होता का? ज्यांचे बिघडले ते दुसऱ्या दवाखान्यात गेले.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तर्कदोष ओळखण्याची विद्या हातात आली की तिचा वापर समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी होतो. एखादी सिस्टर म्हणते, “का ते सांगता येत नाही, पण बारा नंबर मला बरा वाटत नाही.” तिला ‘पुरावा काय?’ असे विचारून गप्प करणे सोपे आहे. पण कारण मांडता आले नाही म्हणून जाणवलेले खोटे ठरत नाही. वर्षानुवर्षे माणसे पाहिलेल्या डोळ्याला त्वचेचा रंग, नजर, उत्तर द्यायला लागलेला क्षणभराचा उशीर हे सगळे दिसलेले असते, शब्द मागाहून येतात. अनेक देशांत तातडीचे पथक बोलावण्याच्या निकषांमध्ये, नाडी आणि रक्तदाब यांच्या जोडीला, ‘कर्मचाऱ्याला पेशंटबद्दल गंभीर काळजी वाटते’ हाही एक निकष लिहून ठेवलेला असतो, आणि तेवढ्यावर पथक येते. जाणवण्याला तिथे निष्कर्षाचा मान मिळत नाही, तपासणी सुरू करण्याचा अधिकार मिळतो. “पुरावा काय?” असे खडसावण्याऐवजी “चल, बघू” म्हणत तिच्याबरोबर खाटेपाशी जाणे, ही चरकाची संधाय संभाषा.

आणि आता आजच्या दिवसाच्या भाषणांबद्दल. परिचारिका म्हणजे देवदूत, त्यागमूर्ती, सेवेचे व्रत घेतलेली माउली, असे आज व्यासपीठांवरून सांगितले जाईल. बोलणाऱ्यांच्या मनात आदर असतो याबद्दल आम्हाला शंका नाही. पण या स्तुतीतून निघणारे अनुमान पाहावे. सेवा हे व्रत आहे, व्रतस्थ माणूस मोबदला मोजत नाही, म्हणून जी ड्युटीचे तास मोजते तिची सेवाभावना कमी पडली. रिक्त पदे भरण्यासाठी नर्सेस संपावर गेल्या की नेमके हेच त्यांना ऐकवले जाते. ‘एक तर पेशंट बघा नाही तर आंदोलन करा’ असा पेच त्यांच्यापुढे टाकला जातो, जणू तिसरा मार्ग नाहीच. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटांमागे एक नर्स असायला हवी. रात्रीच्या वॉर्डात चाळीस-पन्नास जणांमागे एक किंवा दोघी दिसतात. नऊ नंबरच्या आजोबांची युरोबॅग पाहिली गेली नाही त्याचे एक कारण ओव्हरमधला शेरा होता, दुसरे कारण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला रक्त लावत असलेली ती एकटी बाई होती. पहिल्या कारणावर प्रशिक्षण देऊन दुसऱ्याकडे डोळेझाक करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. थकलेले मन मिळेल ते पहिले उत्तर धरते. त्याला दुसरे उत्तर शोधायला उसंत द्यावी लागते.

ही उसंत कुठे द्यायची हे आम्हाला अगदी नेमके सांगता येते. बहुतेक सरकारी रुग्णालयांत सकाळची पाळी दोनला संपते आणि दुपारची दोनला सुरू होते, दुपारची आठला संपते आणि रात्रीची आठला सुरू होते. ओव्हरला कागदावर एक मिनिटही नाही. ती होते ती घरी जाणारीच्या वेळातून किंवा आलेलीच्या घाईतून. आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी प्रत्येक पाळीत अर्धा तास दोन्ही तुकड्या हजर राहतील असे रोस्टर करावे आणि तो अर्धा तास पगारात धरावा. ओव्हर टेबलापाशी न होता खाटेपाशी व्हावी, म्हणजे ‘त्रास देतात’ म्हणताना आजोबा समोर असतील आणि युरोबॅगही. गंभीर पेशंटबद्दल घेणारीने एक प्रश्न विचारल्याशिवाय रजिस्टरवर सही करू नये, मग ती कितीही नवी असो आणि देणारी कितीही ज्येष्ठ. “हे तुम्ही पाहिलंत का, की तुम्हाला सांगितलं गेलं?” एवढा प्रश्नही पुरे. तो विचारणाऱ्या मुलीला उद्धट ठरवले जाणार नाही, याची हमी इन्चार्ज सिस्टरने द्यायची आहे. आणि इन्चार्ज सिस्टरला त्यासाठी माणसे, वेळ आणि पाठबळ द्यायचे आहे ते अधीक्षकांनी आणि अधिष्ठात्यांनी.